मोगली बघणाऱ्याला कुणी नावं ठेवली नव्हती

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात फरक फक्त एका अनुस्वाराचा. पहिलं बारशाला होतं, दुसरं जन्मभर चालतं. या वीकेंडचा विषय तो अनुस्वारच आहे.

झालं असं की सध्या मी रात्री जेवण झालं की 'फ्रीरेन' नावाची जपानी ॲनिमे मालिका बघतोय. हजार वर्षं जगणारी एक जादूगारीण. तिच्यासोबत दहा वर्षं हिंडलेला माणूस म्हातारा होऊन वारतो, तेव्हा तिला कळतं की आपण त्याला नीट ओळखून घेतलंच नाही. मग ती पुन्हा त्याच वाटेने निघते. बस, एवढीच शांत गोष्ट. पण धरमपेठेत कॉफी हाऊस चौकात चहा घेताना हे बोललं की दोनच उत्तरं येतात. बरोबरीचा मित्र म्हणतो, "काय बे, अजून कार्टूनच पाहून राहिला का?" आणि शेजारचा कॉलेजातला पोरगा एकदम जवळ सरकतो, "दादा, तुम्ही पण ओटाकू? सब पाहता की डब? वन पीस कुठवर आलं?" पहिल्याने मला बालवाडीत बसवलं, दुसऱ्याने थेट पंथाची दीक्षा दिली. मालिका कशी आहे, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही!

तर हा 'ओटाकू' शब्द आला कुठून? जपानीत त्याचा मूळ अर्थ 'आपलं घर', आणि त्यावरून आदरार्थी 'आपण'. मंगा-ॲनिमेच्या मेळाव्यांत काही पोरं एकमेकांना याच अतिनम्र शब्दाने हाक मारायची. कल्पना करा, ट्रॅफिक पार्कपाशी दोन पोरं एकमेकांना 'बे' न म्हणता "आपण कसे आहात?" विचारताहेत. १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी या लेखकाने एका मंगा मासिकात या पोरांच्या कपड्यांची आणि अवताराची टिंगल करणारं सदर लिहिलं, आणि त्यांचाच शब्द त्यांच्या कपाळावर मारला. पुढे १९८९ मध्ये टोकियो परिसरात चार लहान मुलींचा खून करणारा माणूस पकडला गेला. त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या. त्यातल्या बऱ्याच ॲनिमेच्या नव्हत्याच. पण 'ओटाकू खुनी' हा मथळा छापून झाला होता. त्यानंतर कितीतरी साध्यासुध्या माणसांना आपली आवड लपवावी लागली.

आता गंमत बघा. त्याच १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये जपानी टीव्हीवर निप्पॉन ॲनिमेशनची बावन्न भागांची एक मालिका सुरू झाली. हीच आपली 'जंगल बुक'! १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर आली. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजचं संगीत, शेरखानला नाना पाटेकरचा आवाज. आणि गोष्ट कुठली, तर सिवनीच्या जंगलातली, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने जेमतेम सव्वाशे किलोमीटर! मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने अमेरिकेत बसून लिहिलेली, जपान्यांनी काढलेली आणि रविवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये पोहोचलेली. आजोबा पोहे खाता खाता बघायचे, आई कणीक मळता मळता. त्या आजोबांना 'ओटाकू' म्हणायची कुणाची हिंमत होती? ज्या वर्षी जपानात त्या नावाला काळिमा लागला, त्याच वर्षीची ही मालिका, पण नाव काही सोबत आलं नाही.

का नाही आलं? माझ्या मते, सगळेच एक चॅनेल बघत होते म्हणून. सगळेच बघतात तेव्हा 'बघणारे' असा वेगळा गट उरत नाही. पुढे केबल घरोघरी पसरलं, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, २००४ मध्ये खास ॲनिमेसाठी ॲनिमॅक्स आलं. निवड वाढली तशी माणसं गटांत वाटली गेली, आणि गट झाला की त्याला नाव लागतंच.

पण चित्र न बघता नाव ठेवण्याची खोड आपल्याकडे आधीपासून होती. युगो साको हा जपानी दिग्दर्शक बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला १९८३ मध्ये भारतात आला आणि रामायणाच्या प्रेमात पडला. त्याने ॲनिमेशनपट करायचं ठरवलं, तर परदेशी माणसाने रामायण का काढावं, देवांचं कार्टून का करावं, म्हणून विरोध झाला. तेव्हा सिनेमा तयारही नव्हता! शेवटी आपल्या राम मोहन यांना सोबत घेऊन त्याने तो जपानात पूर्ण केला. तोच सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये भारतभर थिएटरात लागला. सिनेमा तोच, नाव तेवढं बदललं.

आपल्या नाटकाचंही हेच. एके काळी 'नाटक्या' ही शिवी होती. त्याच रंगभूमीवरच्या बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. रात्र-रात्र नाटकं बघणारा आधी 'नादिष्ट' होता, मग 'रसिक' झाला. १९८३ च्या फायनलचे १८३ आणि १४० ज्याला तोंडपाठ आहेत, त्याला कुणी वेडा म्हणतं का? थोडक्यात काय, तर नाद किती आहे यावर नाव ठरत नाही, नाद कशाचा आहे यावर ठरतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' भारतात थिएटरात लागला, तो चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली म्हणून. माझ्यासारख्या काठावरच्यांनी केली असती का ती? मुळीच नाही. तेव्हा ज्याला ओटाकू म्हणवून घ्यायचंय त्याने खुशाल घ्यावं. त्यात दोस्ती आहे, मजा आहे. प्रश्न फक्त सक्तीचा आहे. बत्तीस वर्षांचा माणूस ऑफिसात कुणी मागून आलं की टॅब बदलतो, लग्नाच्या बायोडेटात 'छंद'पुढे निमूटपणे 'वाचन' लिहितो. आणि घरच्या माणसांनाही कळत नाही की हा रात्री एकटा बसून कशाने रडला.

आपल्या भाषेत तानसेनासोबत कानसेनही आहे. गायला येत नाही, घराण्यांच्या भांडणात पडायचं नाही, फक्त ऐकायचं. त्याला मैफलीत मानाने बसवतात. ॲनिमेच्या मैफलीतही तशी एक सतरंजी असावी.

असो. यापुढे कुणी म्हणालं, "मी ॲनिमे बघतो," तर एवढंच करा. "गोष्ट काय आहे?" म्हणून विचारा, आणि चहा संपेपर्यंत ऐका.