सोंगाड्याची दुसरी बाजू

लक्ष्मीकांत बेर्डे म्हटले की ‘धुमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आठवतात. मुंबई मराठी साहित्य संघातील नोकरी, १९८३ चे ‘टुरटुर’ नाटक आणि मग चित्रपट, असा हा प्रवास. महाराष्ट्राने त्यांना ‘लक्ष्या’ केले. प्रेमाने केले, पण त्या नावाबाहेर पाऊल टाकू दिले नाही.

त्यांनी ते टाकून पाहिले १९९२ मध्ये. ‘एक होता विदूषक’: दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गीते ना. धों. महानोर यांची. तमाशातला सोंगाड्या आबुराव चित्रपटांत नावारूपाला येतो, राजकारणात ओढला जातो आणि त्याचे हसवणे विकाऊ होत जाते. स्वतःच्या व्यवसायाचीच अशी उलटतपासणी पडद्यावर करायला छाती लागते! सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. ‘लक्ष्या रडवतो’ हे त्यांना रुचले नसावे. निर्मात्यांनीही तो धोका पुन्हा फारसा पत्करला नाही.

दोनच वर्षांनी ‘हम आपके हैं कौन’ आला. देशभर गाजलेल्या त्या चित्रपटात बेर्डे होते, घरच्या नोकराच्या भूमिकेत. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या पन्नाशीत, ते गेले.