सावित्रीकाठची सहल : आखणी हवी ऋतू पाहून

रायगड जिल्हा म्हटला की पर्यटकांना अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनचे किनारे आठवतात. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले महाड आणि पोलादपूर हे तालुके मात्र अनेकांना गोवा महामार्गावरील चहाचे थांबे म्हणूनच परिचित आहेत. वास्तविक तीन दिवसांच्या सहलीस पुरेल एवढे वैभव येथे आहे. आखणी मात्र ऋतू पाहूनच करावी.

पहिला दिवस रायगडासाठी राखावा. महाडपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या किल्ल्यावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. पायथ्याच्या पाचाड गावी जिजाऊंची समाधी आहे. गड चढणे शक्य नसणाऱ्यांसाठी १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. राज्याभिषेकदिनी, तारखेनुसार व तिथीनुसारही, गडावर प्रचंड गर्दी लोटते. निवांतपणे गड पाहू इच्छिणाऱ्यांनी हे दिवस टाळावेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत रायगड आणि प्रतापगड हे दोन्ही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाड शहर पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा लढा उभारला, ते तळे शहरातच आहे. महामार्गालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी तासाभरात पाहून होतात. दुपारी शिवथरघळ गाठावी. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ येथेच सांगितला, अशी परंपरा आहे.

तिसरा दिवस पोलादपूरचा. येथे ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. पुढे आंबेनळी घाटाने प्रतापगडमार्गे सुमारे ४० किलोमीटरवरील महाबळेश्वरला जाता येते.

मुंबईहून महाड सुमारे १७५ किलोमीटर आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे किंवा भोरवरून वरंध घाटाने येता येते. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर; तेथे सर्व गाड्या थांबत नसल्याने वेळापत्रक आधी पाहावे.

पावसाळ्यात हा परिसर सर्वाधिक देखणा असतो आणि सर्वाधिक धोक्याचाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत वाहनांतील प्रवासीही. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक ग्रामस्थ दगावले. त्याच दिवसांत महाड शहरही पुराखाली गेले. महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस सावित्रीतून थेट याच खोऱ्यात उतरतो. त्यामुळे महाडमध्ये पाऊस कमी दिसला, तरी नदी शांत राहीलच असे नाही.

म्हणून ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या सहलीस उत्तम. पावसाळ्यातच जायचे असल्यास हवामान खात्याचा इशारा आणि घाट सुरू असल्याची खात्री निघण्यापूर्वी करावी, रात्रीचा घाटप्रवास टाळावा आणि परतीसाठी एक दिवस हाताशी राखावा. धबधब्याखाली उतरण्याआधी गावकऱ्यांचा सल्ला घ्यावा. या डोंगरांचा स्वभाव त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नाही.