आठ हजार सळया

उत्तर कोरियाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "कर्नलसाहेब, असल्या देशाशी बोलून काय होणार?" म्हणून आज १९९४चा करार घेतो. तेव्हा बोलून बरंच काही झालं होतं.

योंगब्योनला ५ मेगावॉटची छोटी अणुभट्टी होती. मे १९९४मध्ये तिच्यातलं वापरलेलं इंधन बाहेर काढायला सुरुवात झाली. सुमारे ८,००० सळया. त्यांतलं प्लुटोनियम वेगळं केलं तर पाच-सहा बॉम्बांचा ऐवज. अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी हवाई हल्ल्याची योजना तयार करवून घेतली. कागदावर सोपं काम. पण नकाशा बघा: सीमेपासून सोल जेमतेम ५० किलोमीटर, आणि पलीकडे डोंगरांत लपवलेल्या लांब पल्ल्याच्या तोफा. भट्टी उडवता आली असती, सोल वाचवता आलं नसतं.

जूनमध्ये जिमी कार्टर प्योंगयांगला जाऊन किम इल-सुंग यांना भेटले आणि वाट मोकळी झाली. ८ जुलैला किम वारले, तरी बोलणी तुटली नाहीत. २१ ऑक्टोबरला जिनिव्हात रॉबर्ट गालुची आणि कांग सोक-जू यांनी सह्या केल्या.

सौदा रोखठोक होता. भट्टी बंद, सळया सीलबंद डब्यांत, आंतरराष्ट्रीय निरीक्षक तिथेच मुक्कामाला. बदल्यात १,००० मेगावॉटच्या दोन हलक्या पाण्याच्या भट्ट्या, २००३चं लक्ष्य ठेवून. त्या होईपर्यंत दरवर्षी ५ लाख टन फर्नेस ऑइल. यात विश्वासाचा प्रश्नच नव्हता. पलटणीच्या कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, रायफली आम्ही रोज मोजायचो, तसंच हे. आठ वर्षं त्या सळयांना कुणी हात लावला नाही.

मग बिघडलं कुठे? सह्यांनंतर महिन्याभरातच अमेरिकी काँग्रेस रिपब्लिकन पक्षाकडे गेली आणि तेलाच्या पैशांवरून दरवर्षी ओढाताण सुरू झाली. कुम्होच्या भट्टीचं पहिलं काँक्रीट पडलं ऑगस्ट २००२मध्ये! प्योंगयांगही साधं नव्हतं. आपल्या शेजाऱ्यांच्या ए. क्यू. खान यांनी त्यांना सेंट्रिफ्यूज पुरवले. मुशर्रफ यांनीच आत्मचरित्रात सुमारे दोन डझनांचा आकडा दिलाय. सळया मोजता येतात. सेंट्रिफ्यूज कुठल्या गोदामात फिरतोय, हे कोण मोजणार?

ऑक्टोबर २००२मध्ये जेम्स केली यांनी प्योंगयांगला जाऊन नेमकं हेच पुढे केलं. नोव्हेंबरमध्ये तेल थांबवायचं ठरलं, डिसेंबरमध्ये निरीक्षकांची हकालपट्टी झाली, जानेवारीत उत्तर कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मते बुश सरकारचा हिशेब इथे चुकला. न दिसणाऱ्या युरेनियमच्या रागात त्यांनी कुलपात असलेलं प्लुटोनियम सोडून दिलं. डबे उघडले गेले, सळयांवर प्रक्रिया झाली.

मे २००६मध्ये कुम्होचा प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. ९ ऑक्टोबरला उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली, प्लुटोनियमची.