विल्म्स अर्बुद : संयुक्त चिकित्सेचा इतिहास

लहान मुलांच्या वृक्काचा (मूत्रपिंडाचा) कर्करोग. माक्स विल्म्स (१८६७–१९१८) या जर्मन शस्त्रक्रियाविशारदांनी १८९९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. केवळ शस्त्रक्रियेने फार थोडी मुले वाचत. पुढे तिला प्रारण चिकित्सेची आणि १९५०–६० या दशकात, बॉस्टन येथील सिडनी फार्बर (१९०३–७३) यांच्या प्रयत्नांनी, ॲक्टिनोमायसीन-डी या औषधाची जोड मिळाली. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात शस्त्रक्रियाविशारद, प्रारणतज्ञ, विकृतिवैज्ञानिक व बालरोगतज्ञ यांनी उपचार एकत्रितपणे आखले. व्हिन्क्रिस्टीन व ॲक्टिनोमायसीन-डी एकत्र दिल्यास अधिक गुण येतो आणि दोन वर्षांखालील मुलांत, वृक्कापुरते मर्यादित अर्बुद पूर्णपणे काढले असल्यास, प्रारण टाळता येते, असे त्यातून दिसून आले. प्रगत देशांत आता सु. ९०% मुले वाचतात. हे यश कोणत्याही एका शाखेचे नाही.