ऑस्टिन सेव्हन आणि तिच्या ‘स्पेशल’ गाड्या

ऑस्टिन सेव्हन ही छोटी मोटार १९२२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यात तयार होऊ लागली. कंपनीच्या संचालकांना छोट्या गाडीची कल्पना पटली नव्हती. त्यामुळे हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला हाताशी धरून स्वतःच्या घरीच तिचे आराखडे काढून घेतले. सुरुवातीचे काही महिने सोडले, तर इंजिन ७४७ सीसीचे होते. शक्ती जेमतेम दहा अश्वशक्तीची, पण सुरुवातीच्या उघड्या गाडीचे वजन अवघे ३६० किलोच्या आसपास होते. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. हलकी स्पोर्ट्‌स कार कशी घडवायची, गाडीत कोणता बदल करण्याजोगा आणि कोणता पैसे वाया घालवणारा, हे ब्रिटनमधील दोन पिढ्या याच गाडीवर शिकल्या.

या कामासाठी ती सोयीची ठरली, याचे कारण तिच्या रचनेत होते. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी दोन पन्हळी पट्ट्यांची चासी, पुढे आडवा कमानपाटा, मागे चासीच्या टोकांतून बाहेर आलेले दोन अर्धे पाटे, आणि अॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर बोल्टने बसवलेला बिडाचा ब्लॉक. वरची बॉडी चार-सहा बोल्ट काढले की उचलून बाजूला ठेवता येई. दोघांनी मिळून एका रविवारी गाडी उघडी करावी, इतके ते सोपे होते. अशा उघड्या चासीवर घरी बनवलेली हलकी बॉडी चढवून जी गाडी तयार होई, तिला ‘स्पेशल’ म्हणत.

कंपनीनेही वेगाचा नाद सोडला नव्हता. १९२९ च्या अल्स्टरमधील टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत आर्ची फ्रेझर-नॅश यांनी सुपरचार्जर बसवलेल्या सेव्हनवर तिसरा क्रमांक मिळवला आणि त्यानंतर ‘अल्स्टर’ हे मॉडेल बाजारात आले. साध्या सेव्हनमध्ये क्रँकशाफ्टला तेल दाबाने मिळत नसे. बारीक नळीतून उडालेली धार क्रँकपिनवर पडे, तेवढेच. अल्स्टरमध्ये मात्र तेल दाबाने क्रँकच्या आतून फिरवले होते. कंपनीने शक्ती वाढवण्याआधी तेलाची सोय केली होती, ही गोष्ट नंतरच्या अनेक हौशी मंडळींच्या लक्षात आली नाही.

साध्या सेव्हनचा क्रँक पुढे-मागे अशा दोनच बेअरिंगांवर फिरत असे. मधले तिसरे बेअरिंग १९३६ मध्ये आले. फेरे वाढले की हा क्रँक मधोमध वाकू लागे आणि शेवटी तुटे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, व्हॉल्व्हना दुहेरी स्प्रिंगा बसवणे, मोठा एसयू कार्बोरेटर लावणे हे सगळे करून इंजिन जोरात पळू लागे खरे, पण तो जोर ज्या क्रँकवर येई तो जुनाच असे. त्यातच युद्धकाळापासून १९५३ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये ‘पूल’ या एकाच नावाखाली हलक्या प्रतीचे पेट्रोल विकले जात होते. अशा पेट्रोलवर कॉम्प्रेशन जास्त चढवले की इंजिन ठोकू लागे. इंजिनावर केलेला खर्च त्यामुळे बराचसा मर्यादेतच अडकून राही.

खरा फायदा खालच्या बाजूला होता. सेव्हनचे मागचे पाटे पुढच्या टोकाला चासीत घट्ट बसवलेले असत आणि मागच्या मोकळ्या टोकाला अॅक्सल असे. मूळ गाडीत अॅक्सल पाट्याच्या मुळापेक्षा खाली असल्याने पाटा मागे उतरता राही. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलली की बाहेरचे चाक वर उचलले जाताना थोडे मागे सरके आणि आतले चाक खाली येताना थोडे पुढे येई. म्हणजे अॅक्सलच तिरका होई आणि मागची चाके आपल्या मनाने गाडी वळवू लागत. चालकाने स्टिअरिंग जितके फिरवले त्याहून गाडी जास्त वळे आणि वेग असला तर गिरकी घेई. उपाय सोपा होता. पाटे लोहाराकडून सपाट करून घ्यायचे. सपाट पाट्याचे टोक वर-खाली होताना मागेपुढे फारसे सरकत नाही, त्यामुळे अॅक्सल सरळ राहतो. शिवाय गाडी काही इंच खाली बसते आणि कलणेही कमी होते. सेव्हनवर केलेल्या सगळ्या बदलांत खर्चाच्या मानाने इतका गुण देणारा दुसरा बदल सापडणे कठीण.

पुढच्या अॅक्सलवरचा प्रसिद्ध बदल लेस्ली बॅलमी यांच्या नावाने ओळखला जातो. एकसंध अॅक्सल मधोमध कापायचा, कापलेल्या टोकांना बुश बसवायचे आणि दोन्ही अर्धे चासीच्या मध्यभागी एका ब्रॅकेटवर बिजागरीसारखे टांगायचे. एका चाकाखाली खड्डा आला तरी दुसरे चाक आता हलत नसे. मऊ स्प्रिंग वापरता येई आणि चाके रस्ता धरून राहत. तोटा असा, की चाक वर जाताना तिरके होई. तरीही एका करवतीच्या कापाने स्वतंत्र सस्पेन्शन मिळत होते, आणि पैशाची चणचण असलेल्या माणसासाठी तो सौदा चांगलाच होता.

ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर होती. सुरुवातीला पुढचे ब्रेक हाताच्या दांड्यावर आणि मागचे पायाच्या पेडलवर चालत. १९३० च्या सुमारास ते एकत्र जोडले गेले. सगळे काम केबलवर असल्याने ती ढिली पडली, गंजली किंवा दोन बाजूंना कमी-जास्त ताणली गेली की गाडी एका बाजूला ओढली जाई. ज्यांनी आधी ब्रेक सुधारले, त्यांनी शहाणपणा केला असेच म्हणावे लागेल. पन्नाशीच्या दशकात काहींनी दुसऱ्या गाड्यांचे हायड्रॉलिक ब्रेक आणून बसवले. मात्र पुष्कळ स्पेशल गाड्या मूळ ब्रेकवरच रस्त्यावर उतरल्या.

या घरगुती प्रयोगांना शिस्त लावली ती १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने. क्लब मूळचा सेव्हनच्या चाहत्यांचा. युद्ध संपल्यावर नव्या गाड्या बहुतांशी निर्यातीसाठी जात, पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालू होते आणि नव्या मोटारीवर भारी खरेदीकर होता. त्या काळात भंगाराच्या भावात मिळणारी जुनी सेव्हन हाच तरुणांचा आधार होता. क्लबने ‘७५० फॉर्म्युला’ नावाची शर्यत सुरू केली. चासी आणि इंजिन ऑस्टिन सेव्हनचेच हवे, सुपरचार्जर नको, आणि खर्च सामान्य माणसाला झेपेल असा असावा, हा तिचा गाभा होता. पैसा ओतून शक्ती विकत घेण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे उरले ते वजन, पाटे, ब्रेक आणि डोके. ब्रिटिश रेसिंगमध्ये पुढे जे अभियंते नावारूपाला आले, त्यांतल्या अनेकांची घडण या बंधनातच झाली.

कॉलिन चॅपमन हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना, १९४८ च्या सुमारास, त्यांनी मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. पूल आणि इमारतींचे गणित शिकणाऱ्या माणसाला ‘ए’ आकाराच्या चासीचे दुखणे लगेच दिसले: ती पिळवटते, आणि चासी पिळवटली की सस्पेन्शनचे सगळे काम बिघडते. उघड्या पन्हळीला चौथी बाजू जोडून तिची बंद पेटी करायची आणि वर नळ्यांचे आधार द्यायचे, ही त्यांची दिशा होती. १९५१ च्या ‘मार्क थ्री’ गाडीत त्यांनी इंजिनाचीही एक खोड ओळखली. सेव्हनमध्ये दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट वाट असे. शेजारचे दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढत, त्यामुळे एकाच्या वाट्याचे मिश्रण दुसरा पळवत असे. चॅपमन यांनी त्या वाटेत मधोमध पडदा घातला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. ती गाडी इतकी पुढे गेली की ही युक्ती बंद करण्यासाठी नियम बदलावे लागले. इथेही नवे भाग जवळजवळ नव्हते. होते ते मूळ अडचण शोधून काढणे.

ऑस्टिन सेव्हनवर हात बसलेल्यांत अॅलेक इसिगोनिस हेही होते. जॉर्ज डाउसन या मित्रासोबत त्यांनी तीसच्या दशकात कित्येक वर्षे खपून ‘लाइटवेट स्पेशल’ बांधली. तिची बॉडी प्लायवुड आणि अॅल्युमिनियमची, तर स्प्रिंगा रबराच्या होत्या. पुढे त्यांनीच आखलेल्या १९५९ च्या मिनी या छोट्या गाडीतही रबराच्या स्प्रिंगा आल्या.

पन्नाशीच्या दशकात या हौसेचा धंदा झाला. जेम मार्श यांची ‘स्पीडेक्स’ कंपनी सेव्हनसाठी सुटे भाग आणि बॉडी विकू लागली. ‘अॅशली’सारख्या कंपन्यांनी फायबरग्लासच्या तयार बॉडी आणल्या. पूर्वी पत्रा ठोकण्यात महिने जात, आता विकत आणलेले कवच काही दिवसांत चढवता येऊ लागले. यातून गाडी देखणी झाली, पण चांगली झालीच असे नाही. पूर्ण रुंदीची जाड बॉडी जुन्या चासीवर आणि जुन्या केबल-ब्रेकवर बसवलेल्या गाड्या दिसायला वेगवान आणि चालवायला बेभरवशाच्या असत. सेव्हनचा मूळ गुण हलकेपणा, तोच त्यात हरवत होता.

चॅपमन यांनी उलट वाट धरली. १९५२ मध्ये त्यांनी लोटस इंजिनिअरिंग कंपनी काढली आणि ‘मार्क सिक्स’साठी जुनी चासी सोडून नळ्यांचा सांगाडा बनवला. नुसता सांगाडा जवळपास २५ किलोचा होता. इंजिन आणि अॅक्सल गिऱ्हाईक साध्या फोर्डमधून आणून बसवू शके. पुढचा अॅक्सल तोच, मधोमध कापलेला. १९५७ मध्ये त्याच विचाराची ‘लोटस सेव्हन’ आली. ती सुट्या भागांत विकली जाई, कारण सुट्या भागांवर खरेदीकर नव्हता.

तोवर ऑस्टिन सेव्हनच्या स्पेशलचे दिवस सरत आले होते. १९५८ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि पुढल्याच वर्षी मिनी आल्यावर थोड्या पैशांत बरी गाडी नवी मिळू लागली. १९६०-६१ मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. तिच्यात ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे पाहिले जात. ज्या स्पेशलमध्ये या गोष्टींकडे आधी लक्ष दिले होते त्या टिकल्या, उरलेल्या बऱ्याच भंगारात गेल्या. लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये विक्रेते ग्रॅहॅम निअर्न यांच्या केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि तिथे ती गाडी पुढे बनत राहिली. त्याच वर्षी खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांत गाडी विकण्याचे करापुरते कारण संपले. घरी जोडायची गाडी मात्र लोक मागत राहिले.