शालेय गणितातील व्यावहारिक उदाहरणे : भद्रावती परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : व्यावहारिक गणित, त्रैराशिक, अपूर्णांकांचे पाढे, सवाई-दिढी, दशमान पद्धती, भद्रावती.

प्रस्तावना :

भद्रावती म्हणजे जुने भांदक. विजासन लेणी, भद्रनाग मंदिर आणि जैन तीर्थ यांमुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचा भांदक ताम्रपट शके ६९४ चा आहे. इतिहासाच्या वर्गात हा उल्लेख आला की विद्यार्थ्याला प्रथम एक बेरीज करावी लागते. ६९४ मध्ये ७८ मिळवले की इ. स. ७७२ हे वर्ष मिळते. शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील घटना असेल तर ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. ही साधी बेरीज करतानाही कला शाखेतील अनेक विद्यार्थी थबकतात. "सर, गणित सुटावे म्हणून तर इतिहास घेतला," असे उत्तर वर्गात हसत दिले जाते. या उत्तरामागे एक गंभीर प्रश्न आहे. हिशोब हा आपला विषय नाही, असे विद्यार्थ्याला का वाटू लागते, आणि ज्यांना असे वाटले त्यांनी त्याची कोणती किंमत मोजली?

गणिताच्या पुस्तकातील उदाहरण हे केवळ आकडेमोडीचे साधन नसून ते आपल्या काळाचा दस्तऐवजही असते. मुलाला मोठेपणी कोणता व्यवहार करावा लागेल, याविषयीची समाजाची कल्पना त्यात उमटते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात शालेय उदाहरणांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. मराठी प्रदेशातील व्यावहारिक गणिताच्या परंपरेचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. शालेय उदाहरणे आणि ग्रामीण व्यवहार यांतील संबंध तपासणे.
३. १९५६ ते १९६२ या काळातील बदलांचा विद्यार्थ्यांच्या गणितावरील परिणाम स्पष्ट करणे.

'लीलावती'तील उदाहरणे आणि समाज :

भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा आहे. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याविषयीचा शिलालेख तेथे असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. गणिताच्या अध्ययनासाठी दान दिले जात होते, ही बाब आपल्या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासात महत्त्वाची आहे.

'लीलावती'च्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक आहे. २० वराटक म्हणजे १ काकिणी, ४ काकिणी म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ द्रम्म आणि १६ द्रम्म म्हणजे १ निष्क. विद्यार्थ्याने आधी बाजार समजून घ्यावा आणि मग आकडेमोड करावी, असा हा क्रम आहे. पुढे व्याज, सोन्याची भेसळ, धान्याचे दर यांची उदाहरणे येतात. आपल्या विद्यार्थ्यांना नकोसा वाटणारा 'नळ आणि हौद' हा प्रकारही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेला नाही. चार झरे एक कुंड अनुक्रमे १ दिवस, १/२ दिवस, १/३ दिवस आणि १/६ दिवसात भरत असतील, तर चारही एकदम सोडल्यास ते किती वेळात भरेल, असे उदाहरण 'लीलावती'त आहे. एका दिवसात ते झरे १, २, ३ आणि ६ कुंडे भरतात. बेरीज १२ येते, म्हणून उत्तर १/१२ दिवस.

मात्र याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिकाचे दुसरे एक उदाहरण आहे. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क असेल, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किंमत किती? ३२ ला १६ ने गुणून २० ने भागले की २५ पूर्णांक ३/५ हे उत्तर येते. रीत निर्दोष आहे, परंतु प्रश्न वाचून आजचा वाचक अस्वस्थ होतो. माणसांची खरेदी-विक्री हा त्या समाजात शिकवण्याजोगा नित्याचा व्यवहार होता, याची ती साक्ष आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने उदाहरणाच्या उत्तराइतकेच त्याच्या शब्दांकडेही लक्ष द्यावे, ते यासाठी.

पंतोजींची शाळा आणि अपूर्णांकांचे पाढे :

इंग्रजपूर्व काळातील आणि त्यानंतरही बराच काळ टिकलेल्या पंतोजींच्या शाळेत गणित प्रामुख्याने तोंडी होते. धूळपाटीवर अंक गिरवणे, तीसपर्यंतचे पाढे, आणि सायंकाळी सामूहिक परवचा असा तो क्रम होता. पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ करावी लागत. ही नावे आजही जुन्या अंकलिपीत सापडतात.

या पाढ्यांचा संबंध थेट बाजाराशी होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. मणाचे ४० शेर, शेराचे ८० तोळे. अशा मापांत चौथाई आणि निम्मे यांना पदोपदी काम पडे. कागद न घेता हिशोब करण्यासाठी काही ठोकताळेही प्रचलित होते. 'जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर' हा त्यांतील एक. मणाचे शेर ४० आणि रुपयाचे आणे १६. ४० ला १६ ने भागले की अडीच येतात, हे त्याचे कारण. तांदूळ १२ रुपये मण असेल तर अडीच शेरांना १२ आणे, आणि ५ शेरांना २४ आणे म्हणजे दीड रुपया. त्रैराशिकाने हेच उदाहरण सोडवल्यास १२ ला ५ ने गुणून ४० ने भागावे लागते. उत्तर तेच येते. एक रीत शाळेच्या पाटीवर आणि दुसरी दुकानाच्या ओट्यावर, परंतु दोन्ही एकमेकींची पडताळणी करीत.

सन १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठी पंडितांच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली आणि छापील गणिताचे युग सुरू झाले. चांदा प्रदेशात हे बदल उशिरा पोहोचले. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि त्यानंतरच या भागात सरकारी शाळांचा विस्तार सुरू झाला.

सवाई, दिढी आणि कुळाचा हिशोब :

अपूर्णांकांच्या पाढ्यांची दुसरी बाजू कर्जव्यवहारात दिसते. पेरणीसाठी धान्य उसने घेतल्यास ते हंगामानंतर सवाईने किंवा दिढीने परत करण्याची रीत होती. सवाई म्हणजे घेतल्याच्या सव्वापट, दिढी म्हणजे दीडपट. अर्थात सवायकी आणि दीडकी हे नुसते पाठांतराचे पाढे नव्हते, कर्जाचा दर त्यांतच सामावलेला होता.

समजा, एका कुळाने १ मण म्हणजे ४० शेर धान दिढीने घेतले आणि पीक बुडाल्याने फेडता आले नाही. पहिल्या वर्षाअखेर ६० शेर, दुसऱ्या वर्षाअखेर ९० शेर आणि तिसऱ्या वर्षाअखेर १३५ शेर, म्हणजे ३ मण १५ शेर देणे होते. हेच सरळ वाढीने मोजले तर तीन वर्षांत १०० शेर, म्हणजे अडीच मण होतात. ३५ शेरांचा हा फरक चक्रवाढीचा आहे. ज्याला दीडकी येत होती त्याला तो दिसत होता. ज्याला येत नव्हती त्याने वहीवर अंगठा उठवला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा आग्रह धरला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि कागदपत्रे यांवर होता. जो कागद वाचता येत नाही आणि ज्याचा हिशोब पडताळता येत नाही, तो जाळणे एवढाच मार्ग त्यांना दिसला.

मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा झाला. सावकाराने हिशोब ठेवावा आणि तो ऋणकोस द्यावा, अशी अपेक्षा त्यात होती. कायद्याने हिशोब हाती दिला, परंतु तो तपासण्याची क्षमता शाळेनेच देणे शक्य होते. जंगलपट्टीतील आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांतील मुले त्या शाळेपासून दूर राहिली. त्यांच्यासाठी गणित न येणे म्हणजे परीक्षेतील अपयश नव्हते. ते जमीन आणि धान्य गमावणे होते.

सहा वर्षांतील स्थित्यंतर (१९५६-१९६२) :

भद्रावतीच्या शाळेत १९५६ ते १९६२ या काळात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एकाच वेळी अनेक बदल अनुभवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅमने शेराची जागा कायद्याने घेतली.

संक्रमणकाळातील अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १ आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वासहाचे नाणे नसल्याने रूपांतराच्या कोष्टकात १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ नये पैसे धरले गेले. परिणामी एका आण्याची वस्तू तीनदा वेगवेगळी घेतली तर १८ नये पैसे पडत आणि तीन आण्यांची एकदम घेतली तर १९. चार वेळा घेतल्यास २४, एकदम घेतल्यास २५. रकमा क्षुल्लक होत्या, परंतु नवा हिशोब आपल्याला कळतो की नाही, ही शंका ग्राहकाच्या मनात निर्माण करण्यास त्या पुरेशा होत्या.

दशमान पद्धतीने आकडेमोड सुलभ झाली, हे निर्विवाद आहे. क्विंटलचा दर २४०० रुपये असेल तर दोन शून्ये काढताच किलोचा दर २४ रुपये मिळतो. अडीच शेरांचा ठोकताळा त्याबरोबर निरुपयोगी झाला आणि तो जाणे योग्यच होते. परंतु ठोकताळ्याबरोबर त्याच्या पोटात असलेली सवयही मागे पडली. उत्तर लिहिण्यापूर्वी त्याचा मनाशी अंदाज घेणे आणि दुसऱ्या रीतीने ते पडताळून पाहणे, ही ती सवय होय.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर, हे सूत्र त्याला पाठ होते आणि सरळव्याजाची उदाहरणे तो एकामागून एक सोडवत असे. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण मात्र वहीत तीनदा चुकले. तेव्हा शाळेत फारसे न गेलेल्या आजोबांनी तेच गणित धानाच्या दिढीत सांगितले : "चाळीसाचे साठ, साठाचे नव्वद, नव्वदाचे एकशे पस्तीस." ही आकडेवारी त्यांना कोणी शिकवली, असे विचारल्यावर ते म्हणाले, "बापू, आमच्या घरानं ती भरली हाये." त्या दिवसानंतर चक्रवाढीचे उदाहरण चुकले नाही. पुस्तकातील मुद्दल, दर आणि मुदत या तीन शब्दांमागे एखादे घर असते, हे कोणत्याही शिक्षकाने पूर्वी सांगितले नव्हते.

निष्कर्ष :

१. व्यावहारिक गणिताची उदाहरणे ही सामाजिक इतिहासाची विश्वसनीय साधने आहेत. 'लीलावती'तील नाण्यांचे कोष्टक आणि स्त्रीच्या किमतीचे उदाहरण, दोन्ही आपल्या काळाविषयी बोलतात.

२. अपूर्णांकांचे पाढे बाजार आणि कर्ज या दोन्ही व्यवहारांतून टिकून राहिले. ज्यांना ते अवगत होते आणि ज्यांना नव्हते, त्यांच्यातील अंतर हे आर्थिक सत्तेचे अंतर होते.

३. १९५७ नंतर मापे बदलली आणि आकडेमोड सोपी झाली, परंतु तोंडी अंदाज आणि पडताळणी यांना शालेय गणितात योग्य स्थान मिळाले नाही.

४. भद्रावतीच्या बाजारात आजही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द किलोसोबत सहज वापरले जातात. शब्द जिवंत आहेत, त्यांच्यावर आधारलेली रीत मुलांना पुन्हा दाखवता येईल.

या परिसरातील जुन्या अंकलिप्या, दुकानांच्या वह्या आणि वृद्धांच्या स्मरणातील तोंडी हिशोब यांचे संकलन इतिहास व गणित या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे करावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. शके ६९४ मध्ये ७८ मिळवताना थबकणारा विद्यार्थी उद्या बँकेच्या कर्जाचा कागद हाती घेणार आहे. त्यावर सही करण्यापूर्वी त्याने तो हिशोब एकदा स्वतः करून पाहावा, एवढी तयारी शिक्षणाने करून देणे अगत्याचे आहे.