नेक्रोनॉमिकॉन : भयकथेतील कल्पित ग्रंथाचा मंत्रग्रंथापर्यंतचा प्रवास

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याने कल्पिलेला 'नेक्रोनॉमिकॉन' हा ग्रंथ पुढे प्रत्यक्ष मंत्रग्रंथ म्हणून कसा वापरात आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मंत्रग्रंथास प्राचीन कर्तृत्व चिकटविण्याची प्रथा युरोपात जुनीच होती. 'की ऑफ सॉलोमन' ही पोथी राजा सॉलोमनच्या नावावर चालली, ती याच प्रथेमुळे. मात्र तेथे खरा कर्ता अज्ञात आहे. येथे तो ज्ञात असून, हा ग्रंथ आपल्याच कल्पनेतील असल्याचे त्याने पत्रांतून स्पष्ट केले होते.

१९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द हाउंड' या कथेत सदर ग्रंथाचे नाव आले. १९२७ मध्ये लव्हक्राफ्टने त्याचा लटका इतिहासच लिहिला : अब्दुल अलहझ्रेदचा मूळ अरबी ग्रंथ, इ. स. ९५० चे ग्रीक भाषांतर, १२२८ चे ओलॉस वर्मियसकृत लॅटिन भाषांतर आणि १२३२ ची पोपची बंदी. वास्तविक ओले वर्म हा डॅनिश वैद्य व पुराणवस्तुसंग्राहक १५८८ ते १६५४ या काळातील. म्हणजे चूक जवळजवळ चार शतकांची! 'अब्दुल अलहझ्रेद' हे नावही अरबी व्याकरणात बसत नाही. तथापि वाचकांवर प्रभाव पडला तो सनावळी, भाषांतरकार व बंदीहुकूम या विद्वत्तेच्या साजाचा. आपल्या संशोधनपद्धतीचीच ही उसनवारी होती, हे आपण इतिहासाच्या अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवे.

१९७२ मध्ये अँटन लावे याच्या 'द सॅटॅनिक रिच्युअल्स' मध्ये लव्हक्राफ्टच्या कथाविश्वावर आधारित विधी समाविष्ट झाले. १९७७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'सायमन' या टोपणनावाने 'नेक्रोनॉमिकॉन' छापले गेले. १९८० पासून त्याची स्वस्त आवृत्ती सर्वत्र पोहोचली. त्यात मार्दुक, तियामत इत्यादी मेसोपोटेमियन दैवते आहेत. लव्हक्राफ्टच्या कथांशी त्याचा संबंध अल्पच. १९७८ च्या जॉर्ज हे संपादित इंग्लंडमधील आवृत्तीच्या सहभागी लेखकांनी बनाव पुढे उघडपणे मान्य केला. सायमनचा ग्रंथ मात्र अस्सलपणाच्या दाव्यासह विकला गेला.

त्यास केवळ 'बनावट' म्हणून बाजूस सारणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. सुमेरियन धर्माचे साधन म्हणून तो निरुपयोगी आहे. १९७० च्या दशकातील अमेरिकन गूढविद्येचे साधन म्हणून तो अव्वल दर्जाचा ठरतो. त्याच्या रचनेस प्राचीन हस्तलिखिताची गरजही नव्हती. जॉर्ज स्मिथने १८७६ मध्येच बॅबिलोनियन सृष्टिकथेचे इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते.